पन्नास साल वगळून

फुटबॉलच्या वर्ल्ड कपपायी आयुष्य कडू झालेला आष्टी तालुक्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ऊस, पाणी, भाऊबंदकी, निवडणूक अशी कडू होण्याची हक्काची कारणं आमच्याकडे घरोघर उपलब्ध असताना या गृहस्थानं उरुग्वे, हंगेरी, ब्राझील अशा देशांची भांडणं अंगावर घेतली आणि ती आयुष्यभर वाहिली. या देशांनी मामांच्या गावचा, कड्याचा बाजार पाहिलेला नाही. मामांनीही बीड जिल्ह्याच्या पलीकडे फारसं काही पाहिलेलं नाही. तरीही दोन्ही बाजूंचे संबंध इतके ताणलेले होते, की ब्राझील आपल्याच मैदानावर सात गोल खाऊन हरलं त्या दिवशी मामींनी घरात गोड करायला घेतलेला शिरा अर्ध्यावर बंद करावा लागला.

मामा तीस एकरांचे धनी. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पंचायत समितीत एक मुदत काढलेली, आणि आवाज असा की उसाच्या फडात उभे राहून बोलले तरी डांबरी रस्त्यावर ऐकू यावं. अशा माणसानं संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर बसून कारखान्याच्या भावाबद्दल बोलावं, एवढीच गावाची अपेक्षा. मामा तिथे बसायचे आणि एकोणीसशे तीस सालापासून सुरुवात करायचे. पहिला वर्ल्ड कप उरुग्वेत झाला, युरोपातले बहुतेक लोक बोटीचा प्रवास नको म्हणून गेलेच नाहीत, जे गेले ते हरून आले. इथपर्यंत आले की ओट्यावरचा एखादा जण विड्या आणायला उठे. चौतीस सालच्या इटलीपर्यंत निम्मा ओटा रिकामा होई. चोपन्न सालची हंगेरी ऐकायला बहुधा सोसायटीचा शिपाई तेवढा उरे, कारण कुलूप लावायचं काम त्याचं.

हा नाद त्यांना अंबाजोगाईला कॉलेजात असताना लागला. तिथे ते संघाचे गोलकीपर होते. हॉस्टेलवर येणारी शिळी वर्तमानपत्रं आणि कुणाच्या तरी खोलीतला खरखरणारा रेडिओ, एवढ्या भांडवलावर त्यांनी वर्ल्ड कपचा सगळा इतिहास डोक्यात भरला. पुढे लग्नाच्या वर्षी त्यांनी घरात टीव्ही आणला, तेव्हा सासरच्या मंडळींना वाटलं, जावयानं लेकीच्या हौसेसाठी आणला. तो मेक्सिकोच्या वर्ल्ड कपसाठी होता, हे कळायला त्यांना महिना लागला. कॉलेजातल्या एका सामन्यात नगरहून आलेल्या पंचानं त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली होती. तेव्हापासून मामांनी नगरशी व्यवहार तोडला. सगळा आष्टी तालुका कपड्यापासून दवाखान्यापर्यंत नगरला पळतो. मामा मात्र दुखरी दाढ घेऊन उलट्या दिशेनं बीडला जात. “त्या गावात न्याव न्हाई,” एवढंच ते सांगत.

काळ मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. लग्न मेक्सिकोच्या वर्षी, विहीर इटलीच्या वर्षी, मुलगी अमेरिकेच्या वर्षी. एकदा तलाठ्यानं विहीर कधी पाडली विचारलं, तर हे म्हणाले, “इटलीच्या सालात.” तलाठी नवा होता. त्यानं नम्रपणे विचारलं, “इटलीवाल्यांनी पैसे दिलते का विहिरीला?” मामांनी त्याला समोर बसवून चहा पाजला आणि इटली कशी एक गोल करून दार लावून बसते, हे जेवणाच्या वेळेपर्यंत समजावलं. तलाठी पुढे दुसऱ्या सज्जाला बदलून गेला. त्यानं स्वतः बदली मागितली, असं मामी म्हणतात.

माणसंसुद्धा ते देशांप्रमाणे लावत. सत्ता मिळाली की कुणाला जवळ येऊ न देणारा आमचा एक पुढारी, तो इटली. सगळ्यांनी वाहवा करायची आणि हाती काही लागायचं नाही असा माझा मेहुणा, तो हॉलंड. आजोबांच्या जमिनीच्या गोष्टी सांगत फिरणारे भाऊबंद, ते सगळे उरुग्वे. मामींना ते जर्मनी म्हणत. “शेवटल्या मिनिटापस्तोर हार न्हाई, आन पेनल्टीला कधी चुकायची न्हाई,” हे त्यांनी आयुष्यात बायकोचं केलेलं एकमेव कौतुक, आणि तेही मामी घरात नसताना. माझं लग्न ठरलं तेव्हा मला दाखवायला त्यांच्याकडे नेलं होतं. मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि “बेल्जियम” म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. बरेच दिवस मला वाटत होतं की हे काहीतरी चांगलं असावं. शेवटी धीर करून विचारलं, तर मामा म्हणाले, “वाईट न्हाई जावईबापू. सगळं हाय. कप तेवढा न्हाई.”

एकदा गावात एकाच्या तेराव्याला मामा गेले. मयत माणूस तब्येतीनं ठणठणीत, एक दिवस चक्कर येऊन गेला. मुलं सुन्न बसली होती. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हंगेरीची गोष्ट काढली. चार वर्षं तो संघ कुणाकडून हरला नव्हता. ज्या जर्मनीला आधी आठ गोल मारले, तीच जर्मनी फायनलला पुढे आली, पाऊस लागला, आणि जायचे ते त्याच एका दिवशी गेले. मुलं हमसून रडायला लागली. घरी येऊन मामा मला म्हणाले, “बगा, इतकी वर्षं झाली, पर हंगेरीचं दुःख आजूनबी माणसाला सोसत न्हाई.”

पण या सगळ्या दुःखांचा राजा म्हणजे पन्नास सालचा वर्ल्ड कप. त्या वर्षी ब्राझीलला भारताचा संघ जायचा होता. बाकीच्यांनी माघार घेतल्यानं बोलावणं आपल्याला आलं होतं, आणि आपण गेलो नाही. मामा तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी हा निर्णय कुणीतरी मुद्दाम त्यांना खिजवण्यासाठी घेतला असावा अशा संतापानं ते बोलत. लोक म्हणत, आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, बुटांशिवाय परवानगी नव्हती म्हणून राहिलं. हे ऐकलं की मामांच्या कपाळाची शीर उभी राहायची. “बूट व्हते बे,” ते समोरच्याला दटावत. “नियत नव्हती. म्हणले, प्रवास लांबचा. म्हणले, सरावाला वेळ न्हाई. म्हणले, ऑलिंपिक मोठं, हे बारकं. घरात बसायचं आसलं की माणसाला हजार कारणं सुचतेत.” पंचायत समितीत असताना त्यांना एका शाळेत सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला बोलावलं होतं. प्रजासत्ताक ज्या साली झालं त्याच साली ब्राझीलला जायचं राहिलं, एवढा धागा त्यांना पुरला. पोरं उन्हात उभी होती. हेडमास्तरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी बँडवाल्यांनी आपण होऊन राष्ट्रगीत सुरू केलं.

मामांना एकच मुलगी, शुभांगी. अमेरिकेच्या वर्ल्ड कपच्या वर्षी जन्मलेली. गावातली सगळी पोरं क्रिकेटची बॅट घेऊन हिंडणारी, त्यामुळे फुटबॉल शिकवायला मामांच्या हाती हीच लागली. कारखान्याच्या रस्त्याकडचा दोन एकर ऊस मोडून त्यांनी मैदान केलं. लोक म्हणाले, डोकं फिरलं. मामांनी वेळूचे खांब रोवले, मधे शुभीला उभं केलं आणि स्वतः समोरून चेंडू मारायला लागले. ती बारीक, उंच, हातापायांनी लांब. सात-आठ वर्षांची असताना चेंडूला घाबरायची. बारा वर्षांची झाली तेव्हा चेंडू तिला घाबरायला लागला, असं मामा सांगत, आणि हे त्यांच्या अतिशयोक्तींमधलं सर्वांत खरं वाक्य होतं. मी स्वतः तिला खेळताना पाहिलंय. मातीत अंग टाकून ती चेंडू असा ओढून घ्यायची की जणू तो तिच्या घरून कुणीतरी पळवला होता. मामा गोलच्या मागे उभे राहून ओरडत. ती उठून केस झटकायची आणि म्हणायची, “आप्पा, तुमी गप बसलात तर मला चेंडू दिसंल.” त्यांना गप्प बसवायची हिंमत जगात एवढ्या एकाच मुलीत होती.

शाळेकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून विभागाला, असं करत शुभी बारावीत असताना राज्याच्या मुलींच्या संघात निवडली गेली. आधी पुण्याला शिबिर, मग ओडिशात स्पर्धा. पेपरात फोटो आला. फोटोत शुभी हवेत आडवी झालेली होती आणि चेंडू तिच्या बोटांच्या टोकावर होता. मामींनी मला आणि बायकोला पेढे खायला बोलावलं. आम्ही अंबाजोगाईहून निघालो तेव्हा मामांचा फोन आला होता, “या लवकर, तुमाला तीस सालापासून सांगतो.” मी म्हटलं, आज ऐकून घेऊ.

आम्ही पोचलो तेव्हा घरात चार भाऊबंद बसले होते. त्या वर्षी मामा जिल्हा परिषदेला उभे राहणार होते आणि या चौघांच्या हातात गावाची निम्मी मतं होती. पेपर त्यांच्या मधे पडला होता. फोटोवर एकानं बोट ठेवलं होतं, चेंडूवर नाही, चड्डीवर. ते मोठ्यानं काही बोलत नव्हते, हेच वाईट होतं. थोरला एवढंच म्हणाला, “आप्पा, पोरगी हुशार हाय, कोण न्हाई म्हणतंय. पर मत मागायला दारोदार तुमालाच जायचंय.” मग ते चहा पिऊन गेले. पेढ्यांचा बॉक्स कोणी उघडला नव्हता.

शुभी आतून आली. तिची बॅग भरून दारात ठेवलेली होती. मामा खिडकीकडे बघत म्हणाले, “प्रवास लई लांबचा हाय, शुभे.”

तिनं बॅगेची चेन तपासली.

“आन सरावाला तरी कुठं वेळ हाय? आठ दिवसांत काय व्हतंय?” ते म्हणाले. “बारावीचं साल हाय. ती परीक्षा मोठी. हे काय, हे पुढंबी येतंय.”

मी मामांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांना आपण काय बोलतोय हे ऐकू येत नव्हतं. मामी चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात एकही सामना धड पाहिला नव्हता. फुटबॉलला त्या लाथाळी म्हणत. पण बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधे भिंत एकच आणि मामांचा आवाज तसला, त्यामुळे पंचवीस वर्षं सगळं त्यांच्या कानावरून गेलं होतं. त्या तव्यावरची भाकरी उलटत, मान वर न करता म्हणाल्या, “मग तसंच कळवा त्यान्ला. पोरीकडं बूट न्हाईत म्हणावं.”

मामा उभेच्या उभे राहिले. मग पायात चपला न घालता गोठ्याकडे निघून गेले. शुभीनं बॅग उचलली, आत नेली, आणि आतून कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. आम्ही त्या दिवशी जेवलो, कारण जेवल्याशिवाय सोडत नाहीत, पण काय जेवलो ते आठवत नाही.

मामा निवडणूक हरले. त्या चौघांपैकी दोघांनी मतं दुसरीकडे दिली, हे पुढे उघड झालं. मैदानात पुढच्या सालापासून पुन्हा ऊस लागला. वेळूचे खांब गोठ्याच्या छपराला गेले. शुभी बी.ए. झाली, डी.एड. झाली, केजला दिली. नवरा सालस आहे, ती तिथल्याच एका शाळेत शिकवते. वडिलांशी तिचं भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मामी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या. ती माहेरी यायची, आप्पांच्या गोळ्या वेळेवर द्यायची, त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची, आणि टीव्हीवर फुटबॉल लागला की शांतपणे उठून आत जायची. कतारच्या वर्षी फायनलच्या रात्री ती कड्यालाच होती. बाहेर आमचा श्वास अडकलेला, आणि आत ही बाई निवडलेली तूर पुन्हा निवडत बसलेली.

मामांचं बोलणं काही थांबलं नाही. पण त्यात एक फरक पडला, आणि तो आधी माझ्याच लक्षात आला, कारण शेवटपर्यंत ऐकून घेणारा मी एकटाच होतो. ते तीस साल सांगत, चौतीस सांगत, अडतीस सांगत, आणि तिथून थेट चोपन्नला जात. एकदा मी खोडी काढावी म्हणून विचारलं, “मामा, मधलं पन्नास साल राहिलं.”

“पन्नासला झाला न्हाई वर्ल्ड कप,” ते म्हणाले. “लढाई व्हती.”

“लढाई पंचेचाळीसला संपली, मामा.”

“तिकडं संपली आसंल,” असं म्हणून त्यांनी विषय हंगेरीवर नेला. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मामांची नजर अधू झाली. पेपर मलाच फोनवर वाचून दाखवायला लावत. एका टिकलीएवढ्या बेटाचा देश, क्युरासाव त्याचं नाव, वर्ल्ड कपला पात्र ठरल्याची बातमी मी वाचली. मामा म्हणाले, “वस्ती किती लिवलीय?” मी म्हटलं, आपल्या बीड शहराएवढी असेल. “बीडाएवढी,” मामा म्हणाले. “आन आपून समदे मिळून उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ठेवा फोन.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. नगर जवळ, पण तिथे न्याय नसल्यामुळे ऑपरेशनला अंबाजोगाईलाच आले, माझ्या घरी. शुभी केजहून आली. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं महिन्यानं करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी दोघांना गाडीत घालून कड्याला पोचवायला निघालो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवं झाकण, दुसऱ्यात दूध घातल्यासारखं. मामा रस्ताभर कुरकुरत होते, की सगळं जग धुकं झालंय.

मांजरसुंब्याला जेवायला थांबलो. दुपारची वेळ, धाब्यावर ट्रकवाले तेवढे. शेवभाजी आणि भाकरी सांगितली. समोर भिंतीवर टीव्ही चालू होता. कुठल्या तरी परदेशात आशियातल्या मुलींची स्पर्धा चालली होती, आणि आपल्या मुली खेळत होत्या. वाढप्यानं रिमोट उचलला. शुभी म्हणाली, “राहू द्या.”

मामांनी मान वळवली. आवाजावरून त्यांना खेळ कळला होता, संघ कळत नव्हता. “कुणाची हाय?” त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शुभी म्हणाली, “आपल्या पोरींची. यातून वर्ल्ड कपला जायचं आसतंय.”

“आन?”

“मागं हायेत. तीन गोल.”

मला वाटलं, आता शुभी उठेल, हात धुवायला जाईल. ती उठली नाही. टीव्हीकडे बघतच म्हणाली, “कीपर लई पुढं उभी राहायलीय.”

“कावून?”

“घाबरलीय. घाबरलं की पाय आपोआप पुढं जातेत.” मग थोडं थांबून, “आता आली डावीकडून. मारणार. अडवला. पर हातातून सुटला. पुन्हा गेली अंगावर. धरला, आप्पा. धरला.”

मामांची भाकरी ताटात तशीच होती. ते आवाजाच्या दिशेनं कान करून बसले होते, टीव्हीच्या नव्हे, शुभीच्या. ती सांगत गेली. कोण कुठून पळतंय, कोण दमलंय, कोणाला पास द्यायला हवा होता. तिचा आवाज चढत नव्हता. ती इतकं बारीक सांगत होती की शेजारच्या टेबलावरचा ड्रायव्हरही टीव्ही सोडून तिच्याकडे बघायला लागला. मध्येच मामा म्हणत, “मग?” एवढंच. मी त्यांना इतका वेळ दुसऱ्याचं ऐकून घेताना कधी पाहिलं नव्हतं. आपल्यावर आणखी एक गोल झाला. शेवटची शिट्टी वाजली.

“हरल्या,” शुभी म्हणाली.

मामांनी मान हलवली. ताटातला हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “ती कीपर कुठली हाय?”

“न्हाई सांगितलं.”

“तिचा बाप काय करत आसंल?”

शुभीनं त्यांच्याकडे पाहिलं. “म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “पर पाठवलं त्यानं.”

झाकण नसलेला तो धुरकट डोळा मामांनी दोनदा मिटला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना पाणी येऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून शुभीनं पदरानं तो टिपला, भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला.

गाडी पाटोद्याकडे लागली तेव्हा मामा माझ्या शेजारी आणि ती मागे बसली होती. मग मामा मागे न वळता म्हणाले, “शुभे, तिनं धरला म्हणालीस, तो परत सांग बरं.”

मग पुढे सरकून, आमच्या दोघांच्या सीटांच्या मधे हनुवटी आणून, तिनं तो पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी गाडी हळू केली.